वादीचा डबा

टण्ण...!

डब्याच्या झाकणावर पळीचा एकच ठोका पडला आणि सकाळपासून घरात साकळून राहिलेली शांतता तडकली. रंजिताने पळी खाली ठेवली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती दाराआड सरकून उभी राहिली. पलीकडच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला. मग जड पावलं... उंबऱ्याशी थांबलेली... डबा उचलल्याची बारीक किणकिण... आणि पावलं पुन्हा अंगणाकडे निघून गेली.

रंजिता आणि तिचे भासरे यादोराव यांच्यात लग्नापासून आजवर एवढंच बोलणं झालं होतं! भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, आणि त्याने धाकट्याच्या बायकोकडे मान वर करून पाहायचं नाही. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला, घरातले जुने देव गेले, नवस गेले, उपास गेले. पण भासऱ्यासमोरचा पदर काही गेला नाही. तो खाकरला की तिने आड व्हायचं, तिने पळी वाजवली की त्याने जेवण उचलायचं. बाकी जे काही सांगायचं ते सासूच्या, रुक्माबाईच्या तोंडून. आणि रुक्माबाई गेल्यावर सात वर्षांच्या मोनूच्या तोंडून. 

पण आज तारीख होती!

आज यादोराव अर्जुनीच्या दिवाणी कोर्टात शपथेवर सांगणार होते की हे घर त्यांचं एकट्याचं आहे आणि त्यांच्या मयत भावाच्या बायकोने ते रिकामं करून द्यावं. आणि त्याच यादोरावांच्या डब्यात रंजिताने आत्ता भात भरला होता, लाखोळीच्या डाळीचं वरण भरलं होतं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला होता. वादीचा डबा प्रतिवादी भरत होती! अख्खं गाव हसत होतं तिला. पण हसणाऱ्यांना काय ठाऊक, की शेवटच्या घटकेला रुक्माबाईने तिचा हात धरून म्हटलं होतं, "माह्या यादोच्या ताटात तुहा हात राहू दे, रंजिता. त्यानं लहान्या भावाले वाढवता वाढवता सोताचं लगन नाही केलं. त्याले कोनी नाही, माय..."

तो लहाना भाऊ, संघदीप, गवंडी होता. बापाच्या पडक्या मातीच्या घराच्या जागी त्याने स्वतःच्या हाताने विटेवर वीट रचून हे घर उभं केलं होतं. मोनू पोटात असताना रंजिताने डोक्यावरून घमेली वाहिली होती. आणि यादोराव म्हणाले होते, "तू घर बांध बाबू, मी धानाच्या बांध्या पाहतो." धान पिकवायचं थोरल्याने, भिंती उभ्या करायच्या धाकट्याने. कुणाच्या मनात आलं होतं, की एक दिवस कोर्ट विचारील, घर कुणाचं? ग्रामपंचायतीत नाव थोरल्याचं लागलं, कारण थोरला तो थोरला. मग गोंदियाला एका इमारतीच्या परांचीवरून संघदीपचा पाय घसरला... आणि रंजिताच्या डोक्यावरचं आभाळच निखळून पडलं! पुढच्याच वर्षी रुक्माबाई गेली. आणि त्यानंतर, एके दिवशी, काही न बोलता, काही न कळवता, कोर्टाची नोटीस दारात आली.

काऊन?

तो एकच प्रश्न तेव्हापासून रंजिताच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता. काऊन केलं असं? काय चुकलं माझं? ज्या माणसाने बापाची माया देऊन माझ्या नवऱ्याला वाढवलं, तो त्याच्या पोरक्या लेकरावर का उलटला? पण विचारणार कुणाला! भासऱ्याला हाक मारायलाही तिच्यापाशी शब्द नव्हता.

बस आली. पुढच्या सीटवर यादोराव, मागच्या सीटवर रंजिता. मोनू पुढून उड्या मारत आली. "आई, मोठेबाबानं आपलंही तिकीट काढलं."

कंडक्टर चैतराम गावचाच. त्याला राहवलं नाही. "एकाच घरून निघता, एकाच गाडीत बसता, तिकीटही एकच माणूस काढते, अन् कोर्टात जाऊन भांडता! अरे, घरीच भांडून घेतलं असतं त मायं मशीन तरी कमी घासलं असतं!"

अर्धी बस हसली. यादोराव खिडकीबाहेर बघत राहिले. रंजिताने मोनूला कुशीत ओढलं आणि डोळे मिटले... घरीच! घरीच भांडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

तिला वकील नव्हता. होता, पण तिने तो सोडला होता. तिचा भाऊ राजदीप फुलचूरला राहायचा. त्याने गोंदियाचा एक वकील शोधून दिला. वकिलाने कागद चाळले, चष्मा काढला आणि हलक्या आवाजात म्हटलं, "देखो बहन, घर के कागज पर जेठ का नाम है. केस कमजोर है. मगर एक रास्ता है. लिहू की तुमच्या भासऱ्याची नजर खराब होती. तुम्ही ऐकलं नाही, म्हणून घराबाहेर काढतो आहे. फिर देखना, वो खुद केस वापस लेगा."

रंजिता उभी राहिली होती. रागाने नव्हे, भीतीने. जणू त्या खोलीत कुणीतरी अंधार सांडला होता आणि तो आता तिच्या पायांना लागणार होता.

"साहेब, त्या मानसानं माही सावली नाही ओलांडली आजपर्यंत. मी काय तोंडानं असं बोलू? माही पोरगी त्याईले मोठेबाबा म्हनते!"

"मंग घर जाईल तुह्यं!" राजदीप रस्त्यावर येऊन ओरडला होता. "काय पायजे तुले? इज्जत का छप्पर?"

"दोन्ही पायजे होतं, दादू... पन एकच भेटत असंल त छप्पर जाऊ दे."

"त मंग लढ एकटीच!" असं म्हणून तो निघून गेला. आणि ती एकटीच लढायला उभी राहिली. दुसरा वकील करायची तिला हिंमत झाली नाही. प्रत्येक काळ्या कोटाआड तोच हलका आवाज असेल, असं तिच्या भाबड्या जिवाने धरून ठेवलं.

पुकारा झाला. यादोराव साक्षीच्या पिंजऱ्यात गेले. त्यांच्या वकिलाने विचारलं आणि ते खालच्या मानेने उत्तरं देत गेले. घर कुणी बांधलं? "मी." भाऊ कोणत्या हक्काने राहत होता? यादोरावांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "माह्या... परवानगीनं."

परवानगीने! रंजिताच्या डोळ्यांसमोर सिमेंटने भेगाळलेले संघदीपचे तळहात आले. ते तळहात परवानगीने राहत होते?

"प्रतिवादी स्वतःच आहेत ना?" जजमॅडम तरुण होत्या. आवाज कोरडा नव्हता. "रंजिताबाई, पुढे या. साक्षीदार जे बोलले ते तुम्हाला मान्य नसेल, तर आता त्यांना प्रश्न विचारा."

रंजिता पुढे गेली. मोनूचं बोट तिच्या हातातच होतं. पोरीला ठेवायचं कुणापाशी? धान कापताना, भांडी घासताना, मोनूला झोपवताना तिने प्रश्न पाठ केले होते. पाया खंदला तवा फावडं कोनाच्या हातात होतं? चौकटी कोनं बसवल्या? आणि शेवटचा, एका शब्दाचा... काऊन?

पण समोर भासरे होते! एका हाताच्या अंतरावर, समोरासमोर! तिची मान आपोआप खाली गेली. भिंतीवरच्या तसबिरीतले बाबासाहेब तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्यापुढे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी बोलायचा हक्क मिळवून दिला त्यांच्या लेकीने अशी मान घालून उभं राहावं! तिने ओठ उघडले... आणि खाली वाकून, नेहमीच्या सवयीने, हळूच म्हणाली,

"मोनू... मोठेबाबाले विचार, का पाया..."

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हटलं, "वकील त लय लहान आनला बाईनं!"

"शांत राहा!" जजमॅडमनी टेबलावर पेन आपटलं. मग रंजिताकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "बाई, मुलीला मध्ये आणू नका. तुम्हालाच विचारावं लागेल. बोला. तुम्ही विचारलं नाही, तर त्यांचं म्हणणं जसंच्या तसं राहील. कळतंय ना? हवं तर मोफत वकील देते तुम्हाला. देऊ?"

वकील! तो हलका आवाज... तो अंधार... रंजिताने जोरात मान हलवली. नाही.

"मग बोला. घाबरू नका. बोला."

रंजिताने पदराच्या काठाआडून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने भासऱ्यांचा चेहरा असा समोरून पाहिला. किती म्हातारे झाले होते ते! गालाची हाडं वर आली होती, दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. डोळे जमिनीवर होते, पण मान... मान किंचित पुढे झुकली होती. जणू ते ऐकण्याची वाट बघत होते. तिच्या छातीत कुठूनसं बळ गोळा होऊ लागलं. शब्द घशापर्यंत आला. का... काऊ...

तेवढ्यात यादोराव खाकरले.

तेच खाकरणं! रोज सकाळ-संध्याकाळ उंबऱ्याबाहेर ऐकू येणारं! आणि रंजिताचा हात तिला न विचारताच पदराकडे गेला, पाय मागे सरले, आणि ती खांबाआड जाऊन उभी राहिली... अगदी घरातल्यासारखी!

जजमॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. पुन्हा एकदा विचारलं. मग सुस्कारा सोडून सांगितलं, "लिहा. संधी देऊनही प्रतिवादीने उलटतपासणी घेतली नाही."

परतीच्या बसमध्ये मोनू मोठेबाबांचा डबा घेऊन आली. आज तो रिकामा नव्हता. भात तसाच होता, वरणावर साय धरली होती.

निकाल धान मळणीच्या दिवसांत लागला. "...प्रतिवादीचे मयत पती संघदीप हे वादीच्या परवानगीने सदर घरात राहत होते, ही बाब सिद्ध होत आहे..." बाकीचं रंजिताला ऐकूच आलं नाही. घर जाणार, तीन महिन्यांत ताबा द्यावा लागणार, हे तिने केव्हाच मनात गिळून टाकलं होतं. पण तो शब्द... सिद्ध! सिद्ध झालं की तिचा नवरा उपकाराने राहिला! ज्याच्या घामाने भिंतींचा गिलावा भिजला त्याच्या नावापुढे आता कायमचं हे लिहिलं गेलं होतं, सहीशिक्क्यासह. उद्या मोनू मोठी होईल, कोर्टाचे कागद वाचायला लागेल, आणि तिच्या बापाबद्दल सरकारदरबारी एवढंच सापडेल तिला! अरेरे... हे मी होऊ दिलं! एक शब्द बोलले असते तर! भिंतीला डोकं आपटावं, असं तिला वाटत राहिलं. पण ती भिंतही आता तिची नव्हती.

तिने तीन महिने थांबायचं नाही असं ठरवलं. चार दिवसांनी राजदीप फुलचूरहून टेम्पो घेऊन आला. सामान ते काय! दोन गाठोडी, एक पेटी, संघदीपची गवंडीकामाची करणी आणि ओळंबा. सगळं दारात ठेवून ती चुलीपाशी गेली. तिने शेवटचा डबा भरला. झाकणावर पळी वाजवली.

टण्ण...

पलीकडून कुणी खाकरलं नाही.

तिने पुन्हा वाजवली. आज शेवटचा घासही नको का त्यांना माझ्या हातचा?

तोच अंगणातून राजदीपचा चढलेला आवाज आला. "झालं ना समाधान, यादोरावभाऊ? जिंकले तुम्ही! पन माही बहीण हारली कायले, हे माहीत हाये का तुमाले? वकील म्हनत होता, भासऱ्याची नजर खराब हाये म्हून लिही, घर तुह्यं! एवढंच लिहायचं होतं! गावात तोंड दाखवता आलं नसतं तुमाले! अन् ही बावरी म्हने, त्याईनं माही सावली नाही ओलांडली... तुमची इज्जत वाचवाले तिनं घर गमावलं, भाऊ! अन् तुम्ही तिले उघड्यावर काढून राहिले!"

बाहेर कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज झाला. मग एक फाटका, अनोळखी आवाज... "मोनू... ये मोनू... तुह्या आईले विचार. हा बोलते ते खरं हाये का?"

मोनू आत आली. आईकडे पाहिलं. पुन्हा बाहेर गेली. "मोठेबाबा, आई रडून राहिली."

"मंग तिले सांग..." यादोराव पायरीवर बसले होते, डोकं दोन्ही हातांत धरून. शब्द तुटत होते. "तिले सांग, तो मुन्नालाल प्लॉटवाला मले भेटला होता. म्हने, आप की बहू तो आधा हिस्सा बेचने को तयार है. त्याले म्या आपल्या दारातून जाताना पाह्यलं होतं. अन् मोनू, तूच म्हनली होती ना मले, आमी मामाघरी राहाले जाऊन राहिलो म्हून? मले वाटलं, माह्या भावानं बांधलेलं घर परक्याच्या हातात जाते. माही मोनू त जातेच, घर तरी राहावं. मी कोनाले विचारू? बुढी असती त तिले विचारलं असतं... वकिलाकडं गेलो. तो म्हने, घर वाचवाचं असंल त असंच लिहा लागंल. म्या लिहू देल्लं. सांग तिले, म्या शपथ घेऊन माह्याच भावाले खोटं पाडलं... माह्या हातानं वाढवलेल्या भावाले...!"

मोनू उंबऱ्यावर आली. एवढा मोठा निरोप! कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना.

पण रंजिताने सगळं ऐकलं होतं. मुन्नालाल! त्याला तर तिने फाटकातूनच हाकललं होतं! आणि मामाघरी चला, असं मोनूसमोर राजदीप बोलला होता, रंजिता नव्हे... एक वाक्य! एक वाक्य ह्या भिंतीतून पलीकडे गेलं असतं तर ना कोर्ट, ना शपथ, ना ते सिद्ध! तिच्या छातीतून हुंदका फुटला. ती धावत बाहेर आली. पदर खांद्यावर घसरला होता, केस सुटले होते, आणि तिच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला, जो तिच्यापाशी कधी नव्हताच.

"दादा!"

यादोराव दचकले. त्यांनी सवयीने मान फिरवली.

"नका फिरवू तोंड, दादा! आतातरी नका फिरवू! मले काऊन नाही विचारलं तुम्ही? एक डाव... एक डाव त विचाराचं होतं! त्या मुन्नालालले मी अंगनातही येऊ नाही देल्लं!"

"तुले कसा विचारू, माय?" म्हाताऱ्याने हळूहळू मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "भासरा हाये मी. तूच विचारशील म्हून वाट पाहत होतो. कोर्टात... त्या मॅडमनं म्हटलं तवा. तू बोललीच नाही, म्हून मी खाकरलो. म्हटलं, तिले समजंल का मी ऐकून राहिलो. तू एक डाव विचारलं असतं, का यादोराव, घर कोनं बांधलं, त माह्यानं खोटं बोलनं झालं नसतं... मायची शपथ, झालं नसतं!"

रंजिता खाली बसली. अंगणातली माती तिने मुठीत धरली.

"अन् मी... तुम्ही खाकरले म्हूनच मागं सरली, दादा!"

राजदीप टेम्पोला टेकून उभा होता. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने तोंड फिरवून रुमालाने डोळे पुसले आणि पेटी उचलून पुन्हा आत नेऊन ठेवली.

"मी उद्याच जातो अर्जुनीले," यादोराव उठायला लागले. "सांगतो मॅडमले, म्या खोटी शपथ घेतली म्हून. तो निकाल फाडून टाका म्हून."

"निकाल नाही फाटत, दादा. अन् तुम्ही असं सांगतलं त तुमालेच धरतील."

"धरू दे!"

"नाही." रंजिताने डोळे पुसले. तिचा आवाज शांत होता, पण त्या शांततेखाली काहीतरी कायमचं मोडत होतं. "मोनूच्या बाबाच्या नावापुढं ते लिहून गेलं ते गेलं. आता त्यायच्या भावाच्या नावापुढं आनखी काही लिहू देनार नाही मी. राहू द्या. घर कोनं बांधलं ते आपल्या तिघाईले माहीत हाये ना... राहू द्या, दादा."

यादोरावांनी हात जोडले. तिने ते हात धरून खाली केले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना स्पर्श केला; लाकडासारखे कोरडे, संघदीपच्या हातांसारखेच होते ते. मग ती आत गेली आणि डबा घेऊन बाहेर आली. पळी वाजवली नाही. उंबऱ्यावर ठेवला नाही. पायरीवर ताट मांडलं, भात वाढला, त्यावर वरण ओतलं आणि समोर बसून म्हणाली, "जेवा, दादा. थंड होऊन राहिलं."

यादोरावांनी पहिला घास उचलला.

मोनू दोघांच्या मध्ये उभी होती. एकदा आईकडे, एकदा मोठेबाबांकडे बघत होती. इकडचं तिकडे सांगायचं तिचं रोजचं काम आज कुणीच तिला दिलं नव्हतं. तिने आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग कपाळाला आठी घालून, खूप विचार करून, तिने विचारलं,

"आई, तुले मोठेबाबासंग बोलता येते... मंग त्या दिवशी जजमॅडम एवढं बोला, बोला म्हनत होती, तवा तू काऊन नाही बोलली?"